जुन्यासारखेच दात

२८ जानेवारी

ठोकळ्या,

माझं तोंड तुझ्याकडे पाठवलं आहे. दचकू नकोस, प्लास्टरचं आहे. डॉक्टरांनी परवा माप घेतलं. गुलाबी लगदा तोंडात कोंबून मला पाच मिनिटं गप्प बसवलं. मी पाच मिनिटं गप्प बसले, यावर तुझा विश्वास बसायचा नाही, पण बाहेर बसलेली माणसं साक्षीला आहेत.

मागचे दात गेल्या वर्षीच गेले. आता समोरचेही खिळखिळे झालेत, ते ठेवण्यात अर्थ नाही म्हणतात. मी डॉक्टरांना सांगून टाकलं, कवळी माझा भाऊ करील. त्याची चाळीस वर्षं दातांच्या लॅबमध्ये गेली, जगाचे दात केले, मग बहिणीचे दुसऱ्या कुणी का करायचे? डॉक्टर भले आहेत. म्हणाले, पाठवा, सोबत माझी चिठ्ठी जोडतो.

माझी अट एकच. दात काढतील त्याच दिवशी कवळी बसली पाहिजे. बोळकं तोंड घेऊन मला घरात वावरायचं नाही. या वयात मिरवायचं नाहीये रे मला, पण ह्यांचं काय ते तुला ठाऊक आहे. डोळे गेले त्याला नऊ वर्षं झाली. सहा महिन्यांपूर्वी तो झटका आला, तेव्हापासून डोकंही ताळ्यावर असेलच असं नाही. आपण कुठल्या खोलीत आहोत, सकाळ आहे की दुपार, काही उमजत नाही. मग घाबरतात, पांघरूण ओरबाडतात. मी नुसतं "इथंच आहे मी" म्हटलं की निवतात. माझ्या आवाजाला धरून आहेत बघ ते. तो आवाज एक दिवससुद्धा त्यांच्या कानाआड व्हायला नको.

फोन करणार होते, पण लॅबमधल्या त्या घासायच्या मोटारींच्या घरघरीत तुझे कान केव्हाच कामातून गेले. मी ओरडायचं आणि तू "हो हो" म्हणायचं, त्यापेक्षा हे बरं.

तुझी ताई

५ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार. वाकून केला असं समज. कंबर धरली आहे, त्यामुळे खरं तर आधीच वाकलेला आहे.

तुझं तोंड सुखरूप पोचलं. टेबलावर ठेवलं आणि लॅबमधल्या पोरींना सांगितलं, ही माझी थोरली बहीण, जरा जपून, चावते. हसल्या. मला मात्र हसू येईना. चाळीस वर्षं दुसऱ्यांची तोंडं हाताळली, पण आपल्या माणसाचा जबडा असा पुढ्यात आला की हात अडखळतो.

चार-पाच दिवस दुसऱ्या कुणाचं काम घेतलं नाही. दात एकेक निवडून मेणात बसवले, तयार कवळी सोबत पाठवली आहे. रंग अगदी पांढराफेक घेतला नाही, तुझ्या वयाला शोभेल असा किंचित पिवळसर. आणि जरा सुधारणाही केली आहे. आरशात बघशील तेव्हा कळेल. भावाची भेट समज.

आता नीट वाच. पहिले दोन दिवस वाटेल, कुणीतरी तोंडात बशी कोंबली आहे. लाळ सुटेल. जीभ सारखी तिकडेच जाईल, तिला जाऊ दे, ती घर बघून घेते आहे. मऊ भात, दूध, सूप यावर राहा. दोन्ही बाजूंनी सारखं चाव, एकाच बाजूनं चावलंस तर दुसरी बाजू उचलते. आणि बोलायची सवय कर. आमच्याकडे सगळ्यांना सांगतो तेच तुला सांगतो, रोज मोठ्यानं एकसष्ट ते अडुसष्ट म्हणायचं, वीस वेळा. त्यात जीभ पुढच्या दातांशी बरोबर खेळते.

दाजींना माझा नमस्कार सांग.

तुझा ठोकळ्या

१६ फेब्रुवारी

ठोकळ्या,

अकरा तारखेला दात गेले आणि तासाभरात तुझी बशी आत आली. बशी म्हणालास ते फार सौम्य झालं. सबंध कपाट आहे. चालताना वाजतं, बोलताना वाजतं. काल शिंक आली आणि खालचं अर्धं थेट कपात जाऊन पडलं. डाव्या हिरडीला फोड आला आहे, आणि भाताचं शीतसुद्धा खाली शिरलं तर खडा टोचल्यासारखं होतं.

समोरची शिंपीण बघायला आली होती. दहा वर्षांनी लहान दिसताय म्हणाली. मी आरशात पाहिलं. एका रांगेत, शाळेतल्या मुलांसारखे उभे केलेस की रे. कुणाचं तरी चांगलं तोंड मला चुकून आलं आहे असं वाटलं. तरी छान आहेत, नाही कशाला म्हणू? तुझे कष्ट दिसतात.

एकसष्ट-बासष्ट रोज म्हणते. स्वयंपाकघरात उभी राहून म्हणते, दार लावून.

हे बरे आहेत. जरा गप्प असतात, इतकंच.

ताई

२२ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र लॅबमध्ये सगळ्यांना वाचून दाखवलं. कपाची गोष्ट दोनदा वाचायला लावली. फोडाचं मनावर घेऊ नकोस. कोमट मिठाच्या पाण्यानं चूळ भर आणि डॉक्टरांकडे जाऊन कवळीची तेवढी जागा घासून घे. स्वतः काही उद्योग करू नकोस, तुझा स्वभाव मला माहीत आहे.

दहा वर्षांनी लहान! त्या शिंपीणबाईंना माझ्यातर्फे चहा पाज. एक फोटो काढून पाठव ना. हसताना काढ. तू फोटोत कधी तोंड उघडून हसलीच नाहीस. लग्नाच्या फोटोतसुद्धा ओठ मिटलेले आहेत. आता झाकायचं काही राहिलं नाही.

आणि दाजी काय म्हणाले, ते लिहिलंच नाहीस.

ठोकळ्या

३ मार्च

ठोकळ्या,

दाजी काय म्हणाले ते ऐक मग. लिहायचं नव्हतं, पण कुणाला तरी सांगितल्याशिवाय आता राहवत नाही.

अकरा तारखेला दवाखान्यातून घरी आले. तोंड सुजलेलं होतं, तरी आधी त्यांच्या खोलीत गेले आणि म्हटलं, "आले हो मी." त्यांनी मान वळवली. म्हणाले, "कोण आहे?" मला वाटलं झोपेत आहेत. पुन्हा म्हटलं. तर म्हणाले, "दवाखान्यातून आलात का? माझी बायको बाहेर गेली आहे. येईलच ती."

झटका आल्यावर महिनाभर एक नर्स येत होती, मी तीच असं त्यांना वाटतं. वाटलं, सूज उतरेल, एखाद-दोन दिवसांत होईल. आज वीस दिवस झाले. मी त्यांचं अंग पुसते, भरवते, पेपर वाचून दाखवते आणि ते मला "बाई" म्हणतात. "तुम्ही" म्हणतात. हात हातात घेतला की हळूच सोडवून घेतात. परक्या बाईचा हात धरणाऱ्यातले ते नव्हेतच कधी, हे मला ठाऊक आहे. पण माझ्याच हातातून ते हात काढून घेतात तेव्हा मला कुठं जावं ते कळत नाही.

कवळी काढून बोलून पाहिलं. तर म्हणाले, "आजी, तुम्ही कोणाच्या?" मला हसू आलं आणि मग रडू आलं. दोन्ही बोळक्या तोंडानं.

रोज दुपारी चारला विचारतात, "आली का ती?" रोज सांगते, मीच ती. लग्नाची तारीख सांगते, त्यांच्या रेडिओच्या दुकानातली खुणेची गोष्ट सांगते. ते ऐकून घेतात आणि म्हणतात, "तुम्हाला तिनं सगळं सांगितलेलं दिसतंय."

मला फोटोबिटो काढायचा नाही.

ताई

९ मार्च

ताई,

तुझं पत्र वाचून जेवण गेलं नाही. पण धीर सोडू नकोस. मी हे हजार वेळा पाहिलंय. नव्या कवळीनं आवाज बदलतो, सगळ्यांचा बदलतो. टाळू झाकली जाते, जिभेला जागा सापडत नाही. सहा-आठ आठवड्यांत जीभ वाट काढते आणि माणूस पहिल्यासारखा बोलायला लागतो. एका वकिलाची कवळी केली होती मी. पहिले पंधरा दिवस त्याचं बोलणं न्यायाधीशाला कळेना, आणि आता पुन्हा समोरच्याला घाम फोडतो.

तुला अजून महिनाही झाला नाही. एकसष्ट ते अडुसष्ट वीसऐवजी पन्नास वेळा म्हण. हळू म्हण. दाजींच्या डोक्याचं दुखणं आहे, ते दातांच्या माथी मारू नकोस. मी केलेलं काम चोख आहे, त्याची मी तुला खात्री देतो.

ठोकळ्या

१५ मार्च

ठोकळ्या,

काम चोख आहे, तेच तर दुखणं आहे. काल काय झालं ते सांगते.

दुपारी त्यांना बरं वाटत होतं. मी पेपर वाचत होते. मध्येच म्हणाले, "बाई, तुम्ही चांगलं वाचता. पण तुमचं वाचणं फार साफ आहे." मी विचारलं, साफ म्हणजे? तर म्हणाले, "माझी बायको बोलते ना, तेव्हा तिच्या बोलण्यात बारीक शीळ असते. रेडिओवर स्टेशन लागायच्या आधी येते, तशी. ती ऐकू आली की मला कळतं, आता लागेल." त्यांचं सगळं आयुष्य रेडिओ दुरुस्त करण्यात गेलं, त्यांना दुसरं काय सुचणार?

मग आपणच बोलत सुटले. म्हणाले, "पहिल्यांदा ती दुकानात आली तेव्हा मी पाठमोरा होतो. म्हणाली, सकाळपासून सुरूच होत नाही, सारखा सुरू करून बघितला. मी वळलोच नाही लगेच. म्हटलं, अजून काही बोलू दे. रेडिओत काही नव्हतं हो, एक तार सुटली होती, दोन मिनिटांचं काम. चार दिवस ठेवून घेतला. ती रोज विचारायला यायची आणि मी रोज म्हणायचो, उद्या."  मग म्हणाले, "तिला सांगू नका. तिला त्या दाताची लाज वाटते."

ठोकळ्या, मला हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी समजत होते की त्यांनी त्या दाताकडे कधी लक्षच दिलं नाही. तोंडावर हात धरून हसायचे मी त्यांच्यासमोर. आणि हे ते मला सांगत नव्हते, एका परक्या बाईला सांगत होते.

आज सकाळी डॉक्टरांकडे गेले. म्हटलं, माझा तो कोपरा उडालेला दात होता, त्याची फट का ठेवली नाहीत? त्यांनी नोंद काढून दाखवली. तुला पाठवलेल्या चिठ्ठीत लिहिलं होतं, समोरचे दात जुन्यासारखेच. मग तू काय वाचलंस?

मला ती फट परत हवी आहे. जशी होती तशी. लवकर कर.

ताई

२० मार्च

ताई,

चिठ्ठी मी वाचली होती. खोटं कशाला बोलू?

तुझं तोंड पार्सलमधून काढलं तेव्हा पहिल्यांदा तोच दात दिसला. प्लास्टरमध्ये तर अंगठ्यावरच्या रेषासुद्धा उमटतात, तो तर केवढा मोठा कोपरा. मी सहा वर्षांचा होतो, तू तेरा. हातपंपाचा दांडा मी वर नेला आणि मजा म्हणून सोडून दिला. तू पाणी प्यायला वाकली होतीस. तुझ्या फ्रॉकवर पडलेलं रक्त मला अजून दिसतं. आईनं विचारलं तेव्हा तू म्हणालीस, पाय घसरला. माझं नाव तू कधी घेतलंच नाहीस. पुढे तुझ्या लग्नाच्या वेळी दोन ठिकाणांहून नकार आला, तेव्हा बाबा आईला हळू आवाजात म्हणत होते, "तो दात." मी दाराआड होतो.

मी या धंद्यात का आलो, असं लोक विचारतात. काहीतरी सांगून वेळ मारून नेतो. छप्पन्न वर्षांनी तो दात माझ्या हातात आला आणि तो बरा करायची संधी आली. मग कुणाची चिठ्ठी आणि काय. मी तो सरळ केला, आणि त्या दिवशी घरी जाऊन शांत झोपलो.

आता तू म्हणतेस, पुन्हा मोड. दुसरं काहीही माग ताई. मी येऊन दाजींजवळ राहतो, सांगशील तितके दिवस. पण तुझा दात मी माझ्या हातानं दुसऱ्यांदा नाही तोडणार. थोडी वाट बघ, आवाज येईल ठिकाणावर.

ठोकळ्या

२४ मार्च

ठोकळ्या,

तुझ्या मनावरचं ओझं तू माझ्या तोंडात का आणून ठेवलंस? मला विचारलंस? तेव्हाही विचारलं नाहीस, आताही नाही. सहा वर्षांच्या पोराला मी त्याच दिवशी माफ केलं होतं. बासष्ट वर्षांच्या म्हाताऱ्याचं काय करू?

तू यायचं म्हणतोस. येऊन काय करणार? ते तुलाही विचारतील, माझी बायको कुठं आहे.

काल दुकानातली बारीक कानस काढली आणि तुझा सरळ दात घासायला बसले. अर्धा तास घासला. फट काही झाली नाही, कड मात्र खरखरीत झाली आणि जीभ कापली. शीळ नाही, काही नाही. आता तुझं चोख कामही गेलं.

आणि एक ऐकून ठेव. परवापासून ते चार वाजता विचारत नाहीत. मला बरं वाटलं, विसरले असतील म्हणून. काल म्हणाले, "बाई, ती येणार नाही आता. कंटाळली असेल. मी तरी किती दिवस राहिलो असतो अशा माणसाजवळ?" माझ्यासमोर म्हणाले. चमचा माझ्या हातात होता.

डॉक्टर म्हणतात, हृदय थकलं आहे. थोडी वाट बघ म्हणतोस, पण कुणाजवळ आहे इतका वेळ? मी त्यांना सोडून गेले असं समजून ते गेले, तर मी तुझं तोंड बघणार नाही.

ताई

३० मार्च

ताई,

सोबतच्या डबीत कवळी आहे. ओल्या फडक्यात गुंडाळली आहे, सुकू देऊ नकोस.

तुझं पत्र मिळालं त्या दुपारपासून बसलो. प्लास्टरवरचे जुने दात कापण्याआधी मी तुझ्या तोंडाचा दुसरा साचा काढून ठेवला होता. तशी पद्धतच आहे, पण काम झालं की तो टाकून देतात. तुझा टाकवला नाही, माझ्या खणात होता. त्यावरूनच केलं सगळं. या खेपेची पहिली कवळी गरम पाण्यात शिजवून पक्की करताना आत बुडबुडे राहिले, ती मोडली. डोळ्यांना आता बारीक दिसत नाही. शेवटी एका पोरीला शेजारी बसवलं. ती बघायची आणि मी घासायचो. तिनं विचारलं, काका, चांगला दात का बिघडवताय? म्हटलं, गिऱ्हाइकाची तशी मागणी आहे.

फट मोजून तेवढीच ठेवली आहे. दाताच्या मागची बाजूही जुन्यासारखी केली आहे, कारण वारा तिथूनच येतो. हे मला कळायला हवं होतं. मला दात दिसला, त्यातून काय येत होतं ते कधी ऐकूच आलं नाही. दोष कानांनाही देत नाही, तेव्हा कान शाबूत होते.

आधी डॉक्टरांकडून बसवून घे. मग बोल.

ठोकळ्या

१२ एप्रिल

ठोकळ्या,

शिंपिणीनं तुझ्या लॅबमधल्या पोरींना फोनवर सांगितलंच आहे. आठ तारखेला सकाळी गेले. त्रास झाला नाही. तू निघू नकोस असा निरोप मीच द्यायला सांगितला होता. तुझ्या कंबरेसाठी नाही. तुझ्यावर राग होता, अजून आहे. थोडे दिवस राहील. राग गेला की कळवीन, तेव्हा ये.

पण तुला सांगायचं ते सांगते, कारण दुसऱ्या कुणाला ते कळायचं नाही.

तुझं पार्सल दोन तारखेला आलं. तीनला सकाळी डॉक्टरांनी कवळी बसवली. म्हणाले, बोलून बघा. मी मान हलवली आणि निघाले. वाटेत कुणाशी बोलले नाही.  ही जर चुकली तर पुढं काही नाही, हे मला दिसत होतं. घरी आले, चपला काढल्या, त्यांच्या खोलीच्या दारात उभी राहिले.  शेवटी रोजचंच विचारलं, "सकाळचं औषध घेतलंत का?"

त्यांनी मान उचलली. झटक्यानंतर त्यांनी आपली आपण मान उचललेली मी पाहिली नव्हती. म्हणाले, "आलीस?"

मी हो म्हटलं.  जवळ जाऊन बसले, तर त्यांनीच चाचपून माझा हात शोधला आणि घट्ट धरून ठेवला.  मग विचारलं, "कुठं होतीस?"

काय सांगणार होते मी? सात आठवडे इथंच होते, तुम्हाला मी भरवत होते, तुमची दाढी करत होते, म्हणून सांगितलं असतं तर बिचारे पुन्हा गोंधळले असते. म्हटलं, "भावाकडे गेले होते. त्याची तब्येत बरी नव्हती." ते म्हणाले, "सांगून जायचं ना." मी म्हटलं, "चुकले." ठोकळ्या, जिथून मी हललेसुद्धा नाही तिथून गेल्याची मी माफी मागितली, आणि त्यांनी माफ केलं. दिवसभर मात्र रुसल्यासारखे होते. संध्याकाळी म्हणाले, वाच काहीतरी. मी पेपर वाचला. ते बातम्या ऐकत नव्हते, माहीत आहे मला. डोळे मिटून पडले होते आणि ओठांवर हसू होतं. मी मग हवामानसुद्धा वाचलं, जाहिरातीही वाचल्या.

असे पाच दिवस मिळाले. तुझ्यामुळे सात आठवडे गेले आणि तुझ्यामुळे हे पाच दिवस आले. याचा हिशेब मला जमत नाही आणि करायचाही नाही.

सात तारखेची गोष्ट. दुपारी त्यांना भरवत होते. मध्येच म्हणाले, "तू नव्हतीस तेव्हा एक बाई यायची." मी म्हटलं, "हो का?" म्हणाले, "चांगली होती. फार केलं तिनं माझं. पण मी तिच्याशी नीट वागलो नाही. एकदा तिला ढकललं. तिच्या हातात गरम सूप होतं, तिच्याच अंगावर सांडलं. ओरडली नाही ती. मला कळलं होतं भाजलंय ते, पण मी काही बोललो नाही. मला वाटत होतं, हिच्यामुळे तू येत नाहीस."

हे तुला लिहिलं नव्हतं मी. मनगटावर अजून डाग आहे.

म्हणाले, "तिला भेटून सांग. म्हणावं, ते माफी मागत होते."

मी म्हटलं, सांगते.

"आजच सांग."

मी वाटी घेऊन स्वयंपाकघरात गेले. ओट्याला धरून उभी राहिले. पोटभर रडले, आवाज न करता. मग तोंड धुतलं आणि परत येऊन बसले. त्यांनी लगेच विचारलं, "सांगितलंस?"

"सांगितलं."

"काय म्हणाली?"

मी म्हटलं, "म्हणाली, मला राग नाही. म्हणाली, तुमच्या बायकोबद्दल ते इतकं छान बोलायचे, मला ऐकत राहावंसं वाटायचं. आणखी थोडे दिवस राहायला मिळालं असतं तर बरं झालं असतं."

 मग माझा हात थोपटून म्हणाले, "एकटी असेल गं ती. बोलावत जा तिला अधूनमधून, तुला सोबत होईल."

ताई